मैदानाचे दोन चतकोर

अकोल्याच्या मिलच्या हजेरीपटावर मी सूतकताई खात्यातला बदली कामगार होतो. बदली म्हणजे कुणी गैरहजर राहिला तर त्याच्या जागी उभा राहणारा, आणि सगळे हजर असले तर फाटकातून परत जाणारा. पण त्या काळात सूतकताईचं खातं मी आतून दहा-बारा वेळा पाहिलं असेल, जास्त नाही. मला ठेवलं होतं फुटबॉल खेळायला. सकाळी मैदानाची मशागत करायची, संध्याकाळी त्याच मैदानावर पळायचं आणि महिन्याच्या शेवटी सूत काढल्याचा पगार घ्यायचा. आजकाल याला व्यावसायिक खेळाडू म्हणतात म्हणे. आमच्या वेळी बाकीचे कामगार आम्हाला फुकटे म्हणत, आणि त्यांचं फारसं चुकत नव्हतं.

मी मूळचा कराचीचा. फाळणी झाली तेव्हा तेरा वर्षांचा होतो. आईवडिलांबरोबर बोटीने मुंबईला उतरलो, तिथे कुणीतरी आम्हाला आगगाडीत बसवलं आणि कुणीतरी बडनेऱ्याला उतरवलं. अमरावतीच्या कडेला निर्वासितांच्या बराकी होत्या. त्यातल्या एकीत गोणपाटाच्या पडद्याआड आमचं घर झालं. वडील दुसऱ्याच उन्हाळ्यात गेले. कराचीत त्यांचं कापडाचं दुकान होतं, अमरावतीच्या उन्हात हातगाडी ढकलणं त्यांच्याच्याने झालं नाही. मग आई पापड लाटू लागली आणि मी ते दारोदार विकू लागलो. मराठी मी अशी दारात उभा राहून शिकलो. आधी वऱ्हाडी आली, मग शिव्या आल्या, पुस्तकातली मराठी फार नंतर आली.

फुटबॉल मात्र मी बरोबर घेऊन आलो होतो. कराचीत आमच्या गल्लीमागे गोदी कामगारांची पोरं अनवाणी खेळत, आणि मी घरच्यांचा डोळा चुकवून त्यांच्यात जाई. माझा डावा पाय चांगला होता. स्वतःविषयी एवढं एकच मी आजही बेधडक सांगतो. अमरावतीत शाळेकडून खेळलो, पुढे एका तालमीच्या संघातून अकोल्याला खेळायला गेलो, आणि तिथे मिलच्या लेबर साहेबांनी मला पाहिलं. कामगारांची भरती आणि मिलचा संघ, दोन्ही त्यांच्याच हातात होतं. दुसऱ्या दिवशी मी बदली झालो.

संघात मला सगळे 'कराची' म्हणत. चिडून उपयोग नव्हता, चिडलो की जास्त म्हणत.

कप्तान मात्र मला तसं म्हणत नसे. तो डावा बॅक होता आणि मी डावा आउट, म्हणजे डाव्या बाजूला पुढे मी आणि माझ्या मागे तो. चेंडू तो अडवायचा, मान वर करून मला शोधायचा आणि बरोबर माझ्या पुढ्यात टाकायचा. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा. तो कायम कामगार होता, तोही मागाच्या खात्यात. ही साधी गोष्ट नव्हती. मागावर धोट्यातून, म्हणजे शटलमधून, धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि एकाच धोट्याला सगळ्यांचं तोंड लागे, म्हणून त्याच्या समाजाच्या लोकांना त्या खात्यात कुणी उभं करत नसत. फुटबॉलच्या जोरावर साहेबांनी त्याला तिथे घेतलं होतं. त्याच्या लोकांपैकी मागावर उभा राहिलेला आमच्या मिलमधला तो पहिला माणूस. आदल्याच वर्षी तो बायकोसह नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला होता. घरात कोनाड्यातले देव गेले होते आणि बुद्धाची तसबीर आली होती.

पहिल्या रविवारी त्याने मला घरी जेवायला नेलं. जवारीची भाकर, अंबाडीची भाजी. वहिनींनी पाण्याचा तांब्या माझ्यापुढे ठेवला आणि तिथेच उभ्या राहिल्या. मी घटाघट प्यालो आणि आणखी मागितलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. संघातलं कुणी आजवर त्यांच्या घरी पाणी प्यालं नव्हतं, हे मला नंतर कळलं. मला त्यात काही मोठेपणा नव्हता, मला तहान लागली होती. पण त्या दिवसापासून दर रविवारी माझं ताट तिथे ठरलेलं. अख्ख्या अकोल्यात मी जेवायला जाई असं तेवढं एकच घर होतं.

असं दीड वर्ष गेलं आणि माघात आईचा निरोप आला. मी अमरावतीला गेलो तर ती पोळपाट-लाटणं बाजूला ठेवून बसली होती. बराकी रिकाम्या करा असा सरकारी कागद आला होता. कुणाला जागा मिळाली होती, कुणी जबलपूरला, कुणी उल्हासनगरला नातेवाइकांकडे निघालं होतं. आमचं कुणी नव्हतं.

"पुट, बाळा," ती म्हणाली, "होळीपर्यंत बघ काहीतरी. एकदा समुद्र ओलांडला. आता मला पुन्हा कुणाच्या ओसरीवर बसवू नकोस."

ती रडली असती तर बरं झालं असतं. ती पापडाचं पीठ झाकून ठेवत होती, ते वाया जाऊ नये म्हणून.

मिलच्या चाळीत खोली मिळायची ती फक्त कायम कामगाराला. मी लेबर साहेबांपुढे जाऊन उभा राहिलो, हात जोडले. त्यांनी मला बसायला सांगितलं नाही, पण नीट ऐकून घेतलं.

"होळीआधी आपल्या ढालीचे सामने आहेत. ढाल आपल्याकडे राहिली तर मालकांना सांगेन, हा पोरगा पक्का करा, खोली द्या. नाही राहिली तर तुला ठेवायचं कारण मी कुठून आणू? बदल्यांची यादी कमी करायची आहे."

त्या दिवसापासून मला झोप लागेना आणि अन्न जाईना. धावताना, आंघोळ करताना, वहिनींच्या हातची भाकर मोडताना एकच डोक्यात. ढाल आली तर आईला छप्पर, नाही तर आम्ही दोघं स्टेशनवर. मी घाबरलो होतो. एवढा घाबरलो होतो की मला दुसरा माणूस दिसेनासा झाला. पुढे जे झालं त्याचं कारण मला विचाराल तर हेच आहे, आणि ते कारण पुरेसं नाही हेही मला ठाऊक आहे.

आमचं मैदान काळ्या मातीचं होतं. पावसाळ्यात ती माती पायाला चिकटून पाय उचलू देत नसे, आणि माघ सरला की तिला भेगा पडत. हात कोपरापर्यंत जाईल एवढ्या. सामन्याआधी त्या बुजवण्याचं काम माझ्याकडे होतं. कसं करायचं ते कप्तानानेच शिकवलं होतं.

"आंदी हात घालून पाह्य कितीक खोल हाये. मंग मुरूम भर, मंग पानी सोड, मंग धुमस मार. पानी पिऊन मुरूम खाली बसला का पुन्ना भर. घाई केली का जमीन दगा देते, समजलं?"

एका भेगेला असा अर्धा-पाऊण तास लागे. धुमस म्हणजे माती चोपायचा जड ठोकळा, तो उचलून उचलून मांड्या भरून येत. अंतिम सामना रविवारी होता. शुक्रवारी आणि शनिवारी दुपारपर्यंत मी निम्मं मैदान नीट भरलं. कुठलं निम्मं, ते सांगतो.

डावा आउट पहिल्या हाफात मैदानाच्या एका चतकोरात खेळतो. बाजू बदलली की दुसऱ्या हाफात त्याच्या बरोबर तिरक्या समोरच्या चतकोरात. उरलेल्या दोन चतकोरांत त्याचं काही काम नसतं. नाणेफेक कुणीही जिंको, यात फरक पडत नाही. हे गणित माझ्या पायांना पाठ होतं. माझे दोन चतकोर मी मुरमाने भरले, चोपले, वरून चालून पाहिले. आणि शनिवारी दुपारी उरलेल्या दोनांकडे पाहिलं तेव्हा माझ्या मांड्या थरथरत होत्या. उद्या या पायांवर सगळं होतं. तिकडे पळेल तो त्यांचा उजवा आउट, मी मनात म्हटलं. त्याचं तो बघेल.

मिलमधल्या माणसांना कुठलंही भोक कापसाने बुजवायची सवय. खिडकीची फट असो, नळाची गळती असो, दुखरा कान असो, लाव बोळा. मी कचऱ्याच्या गोदामातून टाकाऊ कापसाची दोन पोती आणली, भेगांमध्ये कापूस दाबला, वर बोटभर माती पसरली, पाणी शिंपडलं. तासाभरात दोन्ही चतकोर गुळगुळीत दिसू लागले. गाडीत अर्धा मुरूम शिल्लक होता.

त्यांच्या उजव्या आउटवर पहारा करणारा माणूस आमचा डावा बॅक असतो, हे मला तेव्हा आठवलं नाही. दीड वर्ष ज्याच्या पासवर मी जगलो, तो नेमका त्याच दोन चतकोरांत उभा असायचा. मी नेहमी पुढे तोंड करून धावायचो. मागे कोण आहे ते बघायची मला कधी गरजच पडली नव्हती.

रविवारी दुपारपासून मैदानाभोवती माणूसच माणूस. समोर बाहेरगावच्या एका मिलचा संघ, दांडगा. पहिला हाफ संपायला थोडा वेळ असेल, त्यांचा उजवा आउट चेंडू घेऊन आमच्या गोलकडे सुटला. कप्तान त्याच्या अंगावर गेला, चेंडू काढून घेतला, मान वर केली. मला शोधत होता. मी हात वर केला होता. त्याने मारायला एक पाऊल टाकलं आणि त्याचा डावा पाय गुडघ्यापर्यंत जमिनीत गेला. बाकीचं शरीर मात्र पुढे गेलं.

मोडल्याचा आवाज मला मैदानाच्या मध्यावर ऐकू आला.

सगळ्यांत आधी मी पोचलो. आम्ही दोघंही अनवाणी खेळायचो, घोट्यांना नुसत्या पट्ट्या. मी त्याचा पाय भेगेतून उचलून बाहेर काढला. त्याच्या बोटांच्या बेचक्यांत पांढरा कापूस अडकला होता. मागून माणसं धावत येत होती. आणि मी काय केलं? मी खाली वाकून तो कापूस वेचला. एकेका बोटातून काढला, चड्डीच्या खिशात कोंबला, आणि पायाने भेगेवर माती लोटली. लोकांना वाटलं मी त्याचा पाय चोळतोय. कप्तान घामाने निथळत होता, दातावर दात होते, पण डोळे उघडे होते. त्याने माझ्या हाताकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"जा," तो म्हणाला. "खेळ."

मी खेळलो. तेव्हा बदली खेळाडू घ्यायची पद्धत नव्हती, आम्ही दहा जणच खेळलो. दुसऱ्या हाफात माझ्या नीट चोपलेल्या चतकोरातून मी दोनदा सुटलो आणि दुसऱ्यांदा गोल झाला. लोकांनी मला खांद्यावर घेतलं. खिशात तो कापूस होता.

सोमवारी इस्पितळात लेबर साहेब कारकुनाला घेऊन आले. मी कॉटच्या पायथ्याशी उभा होतो. कप्तानाचा पाय मांडीपासून प्लास्टरमध्ये.

"तो कोपरा कुणी भरला होता?" साहेबांनी विचारलं. विचारलं त्याला, पण पाहिलं माझ्याकडे.

मी तोंड उघडणार होतो, असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगत आलो. खरं म्हणजे मी कॉटचा लोखंडी दांडा धरून उभा होतो आणि बराकीतलं झाकलेलं पीठ माझ्या डोळ्यांपुढे होतं.

"मीच भरला होता साहेब," कप्तान म्हणाला. "सनवारी ड्युटी सुटल्यावर. घाई झाली."

कारकुनाने लिहून घेतलं. साहेबांनी मान हलवली आणि माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "गोल छान होता." मी कप्तानाकडे पाहिलं. तो छताकडे बघत होता.

होळीच्या आधी मी पक्का झालो. चाळीत खोली मिळाली. आई पोळपाट, लाटणं आणि एक ट्रंक घेऊन आली. उंबऱ्याला हात लावून तो तिने कपाळाला लावला. दोन दिवस ती भिंतींनाच हात लावून बघत होती. तिसऱ्या दिवशी तिने पापड लाटले, डबा भरला आणि म्हणाली, "हे आधी तुझ्या कप्तानाच्या घरी. ज्यांनी तुला जेवू घातलं त्यांच्या घरी."

मी डबा घेऊन गेलो. तो खाटेवर बसला होता, प्लास्टरचा पाय स्टुलावर. वहिनींनी डबा घेतला, नेहमीसारखा तांब्या भरून आणला. मी तो हातात धरला आणि म्हणालो, "भाऊ, तो कोपरा..."

"मले मालूम हाये."

"मग तुम्ही साहेबाले सांगितलं काहून नाही?"

"तू बदली व्हता. तुले त्याच दिवशी फाटकाभायेर काढलं असतं. तुही माय येनार व्हती." त्याने हाताने पाय स्टुलावर नीट केला. "मी पक्का मानूस. मले वाटलं, माहं काय करतेत."

त्याचं काय करणार ते तोवर ठरलं होतं. मागावर दिवसभर उभं राहणं आता त्या पायाला जमणार नव्हतं. चूक स्वतःची होती, तसा कागद झाला होता, म्हणून भरपाईचा प्रश्न नव्हता. त्याला मागाच्या खात्यातून काढून मैदानाच्या कामावर टाकणार होते. भेगा बुजवायच्या.

 मग त्याने एकच प्रश्न विचारला.

"मुरूम सरला व्हता का?"

मी हो म्हणू शकलो असतो.

"नाही," मी म्हणालो. "अर्धी गाडी होती."

त्याने मान डोलावली. जणू एवढंच माहीत करून घ्यायचं होतं. "आता कोनाले सांगू नको. म्या खोटं लिहून देलं असं निंगालं तर हेबी काम जाईन. आन माह्या घरी येत नको जाऊ."

वहिनी दाराकडे पाठ करून उभ्या होत्या. मी पाणी न पिता तांब्या खाली ठेवला आणि बाहेर पडलो.

त्यानंतर मी चार मोसम खेळलो. डावा पाय तोच होता, पण मी चेंडूकडे बघायचं सोडून जमिनीकडे बघू लागलो. पळणाऱ्या माणसाने एकदा का जमिनीवर अविश्वास धरला की त्याचं पळणं संपतं. तिसऱ्या मोसमात लोक ओरडू लागले, चौथ्यात साहेबांनी मला संघातून काढलं आणि खरोखर सूतकताईला लावलं. ढाल तोवर दुसऱ्या गावी गेली होती. मला दुःख झालं नाही. सुटलो असं वाटलं, पण तेही खरं नव्हतं. मैदान मिलच्या फाटकातून रोज दिसायचं. माघ-फाल्गुनात तो धुमस घेऊन बसलेला असे, एक पाय लांब पसरून. भेग भरली की उठून त्याच वाकड्या पायाने तिच्यावर उभा राही, सगळं वजन टाकून. चारही चतकोरांत, एकेका भेगेवर. मी मान खाली घालून आत जाई.

आईला यातलं काही माहीत नव्हतं. दर होळीला ती डबा भरून माझ्या हातात देई. "कप्तानाकडे दे आणि विचार, मिरी जास्त झाली का." मी डबा घेऊन निघायचो आणि खात्यात वाटून टाकायचो. दोन तास इकडेतिकडे काढून घरी येऊन सांगायचो, छान झाले म्हणाला, मिरी बरोबर आहे. असे आठ डबे गेले. अडुसष्ट साली ती गेली, त्याच खोलीत, स्वतःच्या छपराखाली. मरताना ती समाधानी होती. हे मी विकत घेतलं होतं, आणि कुणाच्या पायावर घेतलं होतं ते मला माहीत होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी दारात कुणीतरी उभं राहिलं. कप्तान होता. केस पांढरे झाले होते. नऊ वर्षांत आम्ही एक शब्द बोललो नव्हतो. मी धडपडत उठलो.

"आत या ना भाऊ."

तो उंबऱ्याबाहेरच थांबला. एका हाताने चौकट धरली होती, पायाला आधार म्हणून. खोलीत नजर फिरवली, भिंतीशी उभा केलेला पोळपाट पाहिला.

"तुही माय मले बाजारात भेटत जाय," तो म्हणाला. "दरसाली होळी झाली का इचारे, पापड कसे झाल्ते, मिरं जास्त तं नोयतं झालं?"

मी पोळपाटाकडे पाहिलं.

"मंग?" मी कसंबसं म्हणालो.

"मंग काय. चांगले झाल्ते म्हनो मी."

एवढं बोलून तो वळला. चाळीच्या पायऱ्या त्याला एकेक करून उतराव्या लागत होत्या, आधी तो वाकडा पाय, मग चांगला. मला खाली जाऊन त्याचा हात धरायचा होता. मी दारातच उभा राहिलो, तो फाटकाबाहेर दिसेनासा होईपर्यंत.